अवघड इंग्रजी शब्दांची मराठी फोड

इंग्रजी भाषेतील पहिला एकभाषी शब्दकोश १६०४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तराने सिद्ध केलेल्या त्या छोटेखानी पुस्तकाचे नाव ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ असे होते. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि ते निवडताना कॉड्रीने केवळ अवघड शब्दांचाच विचार केला होता. घर, पाणी, हात, भाकरी यांचे इंग्रजी शब्द प्रत्येक इंग्रज मुलाला येतच होते. त्यांचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून आलेले, धर्मग्रंथांत व प्रवचनांत कानी पडणारे, पण सामान्य वाचकाला न उमगणारे शब्द घेऊन त्यांचे अर्थ त्याने साध्या इंग्रजीत दिले. आज ज्याला ‘प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह’ म्हटले जाते, त्याचे मूळ स्वरूप हेच आहे. जे शब्द मराठी विद्यार्थ्याला अडतात, तेच शब्द खुद्द इंग्रजांनाही अडत होते, आणि त्यांच्यासाठीच इंग्रजीचा पहिला कोश लिहावा लागला.

असे का व्हावे, याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे काही शतके राजदरबार, न्यायालय व उमरावांची घरे येथे फ्रेंच भाषा नांदली. शेतकरी आपली जुनी जर्मानिक कुळातील भाषा बोलत राहिला. गोठ्यातला बैल ‘ऑक्स’ राहिला, पण उमरावाच्या ताटात आला तेव्हा तो ‘बीफ’ झाला. ‘शीप’चे ‘मटन’ झाले ते याच कारणाने. पुढे सोळाव्या शतकात विद्येच्या पुनरुज्जीवनाबरोबर लॅटिन व ग्रीक शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्याविरुद्ध तेव्हाही ओरड झाली. दौतीतून उपसलेले शब्द अशी त्यांची टवाळी करण्यात आली. टवाळी झालेले काही शब्द मेले, पुष्कळसे टिकले. परिणाम असा की, इंग्रजी कोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन, फ्रेंच अथवा ग्रीक वंशाचे आहेत, मात्र बोलण्यात सर्वाधिक वेळा येणारे पहिले शंभर शब्द घेतले तर ते जवळपास सगळे जुन्या जर्मानिक घरातले निघतात. एकाच भाषेत दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर घरगुती व्यवहार चालतो, वरच्या मजल्यावर ग्रंथ, कायदा, विज्ञान आणि परीक्षा.

ही रचना मराठी माणसाला अपरिचित नाही. मराठीलाही तद्भव आणि तत्सम असे दोन मजले आहेत, शिवाय फार्सी-अरबी शब्दांचा एक ऐसपैस सोपा आहे. दात दुखतो तेव्हा तो ‘दात’ असतो, पण त्याच्यावर उपचार करणारा ‘दंतवैद्य’ होतो. इंग्रजीतही दुखतो तो ‘टूथ’ आणि उपचार करणारा ‘डेंटिस्ट’. हात हा ‘हात’, पण हाताने लिहिलेली पोथी ‘हस्तलिखित’; इंग्रजीत हात ‘हँड’, पण पोथी ‘मॅन्युस्क्रिप्ट’, ज्यात ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘स्क्रिप्ट’ म्हणजे लिहिलेले. सूर्यापासून ‘सौर’ होते, तसे ‘सन’ला विशेषण हवे असले की वरच्या मजल्यावरून ‘सोलर’ आणावे लागते. ‘माझा हस्त दुखतो’ असे कोणी मराठी माणूस म्हणत नाही. नेमके याच कारणाने वरच्या मजल्यावरचा इंग्रजी शब्द खालच्या मजल्यावर वापरला की इंग्रज वाचकाला हसू येते. कोणता शब्द कोठे शोभतो, ही जाण मराठीत ज्याला आहे, त्याला इंग्रजीत ती नव्याने कमवावी लागत नाही. फक्त तिकडे वळवावी लागते.

उपसर्ग, धातू, प्रत्यय

शब्दांच्या याद्या पाठ करण्याची जी पद्धत स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून रुजली आहे, तिचा दोष असा की ती प्रत्येक शब्दाला अखंड दगड मानते. वास्तविक वरच्या मजल्यावरचे बहुतेक शब्द जोडकाम असतात. आधी उपसर्ग, मध्ये धातू, शेवटी प्रत्यय. ‘आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार’ या मालिकेत ‘हृ’ हा एकच धातू उपसर्ग बदलत जातो, हे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला माहीत असते. लॅटिन आणि ग्रीक शब्द तंतोतंत याच रीतीने बनतात.

या साम्याची पहिली नोंद करणाऱ्यांपैकी एकाचा गोव्याशी, आणि मराठीशीही, थेट संबंध आहे. ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने असे निरीक्षण नोंदवले की, इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारीही त्याच दशकात भारतात होता. संस्कृत आणि इटालियन भाषांतील सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि सर्पाचे नाव सारखे असल्याचे त्याने लिहून ठेवले. १५८८ मध्ये तो गोव्यातच मरण पावला. विल्यम जोन्स याने कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असा सिद्धांत मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे स्टीफन्सच्या पत्रानंतर दोन शतकांनी. आज हे नाते भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. शब्द शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते अजून कपाटात बंद आहे.

उदाहरण म्हणून ‘सद्’ हा एकच धातू घ्यावा. संस्कृतात त्याचा अर्थ बसणे. ‘सदन’, ‘संसद’, ‘उपनिषद’ हे शब्द त्यापासूनचे. लॅटिनमध्ये त्याचे भावंड ‘सेदेरे’. एका जागी बसून करावयाचे काम ते ‘सेडेंटरी’. पुढे, म्हणजे अग्रस्थानी बसतो तो ‘प्रेसिडेंट’. कामाला चिकटून बसणारा, ज्याला मराठीत ‘बैठक असलेला’ म्हणतात, तो ‘ॲसिड्युअस’. दबा धरून बसण्यापासून ‘इन्सिडियस’ झाला. म्हणून जो रोग किंवा जे कारस्थान नकळत आत शिरते आणि उशिरा लक्षात येते, त्याला हे विशेषण लागते. इतरांपासून वेगळा होऊन बसतो तो ‘डिसिडंट’, म्हणजे राजसत्तेशी मतभेद असणारा. शहराला वेढा घालून बसण्याचे लॅटिन क्रियापद मनाला लागू झाले तेव्हा ‘ऑब्सेशन’ हा शब्द निघाला: एखाद्या विचाराने मनाला घातलेला वेढा. हे सहा शब्द यादीत सहा ठिकाणी विखुरलेले असतात आणि सहा वेळा पाठ करावे लागतात. धातू हाती आला की ते एकाच पंगतीत बसतात.

उपसर्गांचेही तसेच. ग्रीक नकारार्थी उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ असा येतो. संस्कृतातील ‘अज्ञान’ आणि ‘अनंत’ यांमध्ये जो नियम आहे, तोच. म्हणून ‘ॲपथी’ म्हणजे भावनेचा अभाव, पण ‘ॲनार्की’ म्हणजे अराजक आणि ‘ॲनॉनिमस’ म्हणजे अनामिक. शेवटच्या शब्दातील ग्रीक ‘ओनोमा’ आणि आपले ‘नाम’ हेही एकाच घरचे. ‘दुस्’ किंवा ‘दुर्’ याचे ग्रीक रूप ‘डिस’. ‘डिस्पेप्सिया’ या अपचनाच्या विकारात ‘दुस्’ही आहे आणि ‘पच्’ धातूही. ‘परि’ म्हणजे ग्रीक ‘पेरी’. भूमितीच्या पुस्तकात ‘पेरिमीटर’ला ‘परिमिती’ म्हणतात, तेथे उपसर्ग आणि धातू दोन्ही जुळतात. ‘प्र’ला लॅटिनमध्ये ‘प्रो’ आणि ‘जन्’ला ‘गेन’. त्यामुळे ‘प्रॉजेनी’ या शब्दाची फोड करणे म्हणजे ‘प्रजा’ हा शब्द पुन्हा लिहिणे होय, त्याच्या जुन्या, ‘संतती’ या अर्थाने.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सगळे साम्य रक्ताचे नसते. काही साम्य केवळ घडणीचे असते. ‘पेनल्टिमेट’ म्हणजे शेवटून दुसरा. लॅटिन ‘पाएने’ म्हणजे जवळजवळ आणि ‘उल्तिमुस’ म्हणजे अंतिम. यांचा ‘उप’ व ‘अंत्य’ यांच्याशी वंशाने काही संबंध नाही. तरीही ज्याने शुद्धलेखनाच्या नियमांत ‘उपान्त्य इकार, उकार दीर्घ’ हे घोकले आहे, त्याला या शब्दाचा अर्थ एका क्षणात बसतो. ‘ऑम्निशंट’ म्हणजे सर्वज्ञ, ‘ऑम्निपोटंट’ म्हणजे सर्वशक्तिमान, ‘ऑम्निव्होरस’ म्हणजे सर्वभक्षी, या सर्वांत ‘ऑम्नि’च्या जागी ‘सर्व’ ठेवले की काम होते. ‘मॅग्नॅनिमस’ या शब्दात तर दोन्ही प्रकार एकत्र येतात. ‘माग्नुस’ आणि ‘महत्’ हे सख्खे नातलग. ‘आनिमुस’, म्हणजे मन किंवा आत्मा, हा ‘प्राण’ आणि ‘अनिल’ यांतील ‘अन्’ धातूचा लांबचा भाऊ. महामना, मोठ्या मनाचा, हा त्याचा अर्थ. त्याच कुळात ‘युनॅनिमस’ म्हणजे एकमुखी, ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता आणि ‘प्युसिलॅनिमस’ म्हणजे भेकड, खुज्या मनाचा. शेवटचा शब्द यादीत पाहिला की धडकी भरते. ‘आनिमुस’ ओळखीचा झाल्यावर मात्र तो उच्चारापुरताच अवघड राहतो.

गोव्यातील वाचकाला आणखी एक वाट मोकळी आहे, ती पोर्तुगीजमधून कोकणी आणि गोमंतकीय मराठीत मुरलेल्या शब्दांची. खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात तो शब्द पोर्तुगीज ‘कादैरा’चा, त्याचे मूळ ग्रीक ‘कथेद्रा’, म्हणजे आसन. धर्मगुरूंचे आसन जेथे असते ते ‘कॅथेड्रल’. जुन्या गोव्यातील ‘से कॅथेड्रल’ या नावातला ‘से’ हा लॅटिन ‘सेदेस’चा अवशेष, अर्थ पुन्हा आसनच, आणि दोन्ही शब्दांच्या मुळाशी वर पाहिलेला ‘सद्’चाच बंधू आहे. ‘इगर्ज’ हा शब्द ग्रीक ‘एक्लेसिया’पासून पोर्तुगीजमार्गे आला. ‘एक्लेझिॲस्टिकल’ असा लांबलचक शब्द इंग्रजी पुस्तकात भेटला, तर तो इगर्जेशी, चर्चच्या कारभाराशी संबंधित आहे, हे पणजीच्या विद्यार्थ्याने सहज ताडावे. खिडकीला ‘जनेल’ म्हणतात, त्यात लॅटिन ‘यानुआ’, म्हणजे दार, दडलेले आहे. ‘जॅनिटर’ म्हणजे मुळात द्वारपाल. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून गेला, आणि हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात असे शेकडो भारतीय शब्द सापडतात.

या सर्व गोष्टी केवळ कुतूहलाच्या असत्या, तर त्यांच्यावर इतकी जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या आहेत, आणि पाचवीपासून अभ्यासाचे माध्यम बहुधा इंग्रजी होते. दहा वर्षांच्या मुलासमोर ‘इव्हॅपोरेशन’, ‘ॲम्फिबियन’, ‘इक्विलॅटरल’, ‘फोटोसिंथेसिस’ असे शब्द एकदम येऊन पडतात. यातल्या संकल्पना त्याला नव्या नसतात. उभयचर म्हणजे काय, समभुज म्हणजे काय, हे तो आपल्या भाषेत शिकलेला असतो किंवा चटकन शिकू शकतो. ‘ॲम्फि’ म्हणजे उभय, ‘बायोस’ म्हणजे जीवन. ‘इक्वि’ म्हणजे सम, ‘लॅटस’ म्हणजे बाजू. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी मूळ शब्दाचे अवयव पाहूनच पुष्कळदा प्रतिशब्द बांधले, त्यामुळे दोन्ही शब्द समोरासमोर ठेवले तर एकमेकांचा अर्थ सांगतात. तसे न करता मराठी शब्द विसरायला लावून इंग्रजी शब्द घोकायला लावला, तर मुलाच्या हातून दोन्ही सुटतात. मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. प्रगत शब्दसंग्रहापुरती तरी ती टिकत नाही. कच्चा राहतो तो दोन भाषांना जोडणारा पूल.

फोड जेथे फसवते

फोड करण्याची सवय लागली की तिचा मोह होतो, आणि इंग्रजी त्या मोहाला हमखास चकवते. ‘पेडेस्ट्रियन’मधील ‘पेड’ म्हणजे लॅटिन पाय, आपला ‘पाद’. पण ‘पीडिॲट्रिक्स’मधील ‘पीड’ म्हणजे ग्रीक मूल. पहिला शब्द पादचाऱ्याचा, दुसरा बालरोगशास्त्राचा. ‘होमिसाइड’मधील ‘होमो’ म्हणजे लॅटिन माणूस, ‘होमोजिनिअस’मधील ‘होमो’ म्हणजे ग्रीक ‘सम’. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘इन’ नकाराचा मानणाऱ्याने टँकरजवळ काडी ओढू नये. तो ‘इन’ आत, अंतर्भागी या अर्थाचा आहे, नकाराचा नाही. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे निरुपयोगी नव्हे, तर अमोल, ज्याचे मोल करता येत नाही असा. ‘नॉइसम’ शब्दाचा आवाजाशी संबंध नाही. त्याचा अर्थ किळसवाणा, विशेषतः दुर्गंधीच्या संदर्भात. ‘एनर्व्हेट’ ऐकायला ‘एनर्जी’सारखा वाटतो आणि अनेक जण त्याचा अर्थ ‘उत्साह देणे’ असा करतात. मूळ अर्थ स्नायू काढून घेणे, म्हणजे निःसत्त्व करणे.

अर्थ काळानुसार उलटतो, हे आणखी एक. ‘एग्रीजियस’ची फोड ‘कळपाबाहेरचा’ अशी होते. सोळाव्या शतकात तो असामान्य, थोर अशा अर्थानेही वापरला जाई. आज ‘एग्रीजियस एरर’ म्हणजे अक्षम्य, घोर चूक. मराठी वाचकाने याचे नवल मानू नये. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, मराठीत ती दंड झाली. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजोरीचा गुन्हा होता, मराठीत तो गुण आहे. एका शब्दात दोन विरुद्ध अर्थ एकाच वेळी नांदत असतील, तर वृत्तपत्र वाचतानाही घोटाळा होतो. बँक कर्ज ‘सँक्शन’ करते तेव्हा ती मंजुरी देते. एखादे राष्ट्र दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादते तेव्हा ते निर्बंध असतात. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. दोन तोंडांच्या रोमन देवाच्या नावावरून इंग्रजीत अशा शब्दांना ‘जेनस’ शब्द म्हणतात. फोडीने अर्थाचा अंदाज येतो. निकाल वाक्यच देते.

किती शब्द, कोणते शब्द

इंग्रजीत लाखो शब्द आहेत, ही माहिती नवशिक्याला हताश करण्यापलीकडे काही साधत नाही. उपयोगी आकडे वेगळे आहेत. ढाक्यात अध्यापक-प्रशिक्षणाचे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार मूलभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शब्दाची वारंवारता व उपयुक्तता हे तिचे निकष होते. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय लेखनातील शब्दांची यादी तयार केली. वेस्ट यांच्या यादीत नसलेली, पण सर्व विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळे तिच्यात आहेत, आणि अशा लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द त्यांतलेच असतात. ‘ॲनालिसिस’, ‘हायपॉथिसिस’, ‘कॉन्ट्रॅडिक्ट’, ‘इम्प्लिसिट’ ही त्यातली नमुन्याची नावे. महाविद्यालयात जाणाऱ्याने दुर्मीळ शब्दांच्या मागे लागण्यापूर्वी ही ५७० कुळे आपलीशी करावीत. कष्टाच्या मानाने इतका परतावा दुसरी कोणतीही यादी देत नाही. कादंबरी किंवा वृत्तपत्र कोशाची मदत न घेता वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ मधील अंदाज आहे. हा आकडा वर्षभरात गाठण्याचा नव्हे, वाचनाच्या काही वर्षांत गाठण्याचा आहे.

परीक्षार्थीची निकड अर्थातच निराळी असते. संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेत इंग्रजीची १०० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि तीत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द विचारले जातात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जात असल्याने अर्धवट आठवणारा शब्द महागात पडतो. तरीही परीक्षांचा कल केवळ पाठांतराकडून संदर्भाकडे झुकत आहे, हे नाकारता येणार नाही. परदेशी उच्च शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या ‘जीआरई’ परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाम्याचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये काढून टाकण्यात आले. त्याऐवजी उताऱ्यात योग्य शब्द बसवण्याचे प्रश्न आले. जुन्या याद्या मात्र आजही नव्या मुखपृष्ठांसह विकल्या जातात. नॉर्मन लुइस यांचे १९४९ मधील ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ अजून टिकून आहे, ते त्यातील धातूंवर आधारलेल्या मांडणीमुळे. ते यादीसारखे न वाचता प्रकरणागणिक सोडवले, तरच फळते.

शब्द लक्षात राहण्याचा प्रश्न जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पहिल्यांदा मोजला गेला. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठ केलेली सामग्री आरंभी झपाट्याने, नंतर हळूहळू विसरली जाते, असे दाखवले. ध्यानात घेण्यासारखी बाब ही की, त्यांनी पाठ केली होती ती मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरे. फोड न करता पाठ केलेला परका शब्द विद्यार्थ्यासाठी जवळपास तसाच निरर्थक असतो, मग तो उडून गेला तर दोष बुद्धीचा नसतो. विसरण्यावरचा उतारा म्हणजे अंतर वाढवत केलेली उजळणी: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणी करताना शब्दांचा क्रम बदलत ठेवावा. पाढा मधूनच विचारला की मूल अडखळते, तसेच क्रमाने पाठ केलेल्या यादीचे होते.

वहीत काय लिहावे, याला महत्त्व आहे. शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहून रेघ मारणे ही रूढ रीत अपुरी पडते, कारण इंग्रजी शब्द एकटा फिरत नाही. मराठीत ‘अठराविश्वे’ हे विशेषण दारिद्र्यालाच लागते, ‘अठराविश्वे आजार’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘ॲब्जेक्ट’ हा शब्द दारिद्र्य, अपयश, क्षमायाचना अशा मोजक्या सोबत्यांबरोबर येतो. मुसळधार पाऊस इंग्रजीत ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो. गुन्हा ‘कमिट’ केला जातो, ‘डू’ केला जात नाही. म्हणून वहीत शब्द, त्याची फोड, ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य आणि त्याचे दोन-तीन सोबती, एवढे तरी असावे. दिवसाला पाच शब्द असे नोंदवणे हे पन्नास शब्द घोकण्यापेक्षा कठीण आहे आणि अधिक लाभाचेही.

कोशाची निवड हाही याच कामाचा भाग. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली, आणि कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश यांनी दोन भाषांमधील दार उघडले. आजही एखाद्या इंग्रजी शब्दाला ठेवणीतला मराठी प्रतिशब्द हवा असेल, तर ते चाळण्यासारखे आहेत. आजचा इंग्रजी वापर शिकण्यासाठी मात्र परभाषिकांकरिता रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ असावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना १९४२ मध्ये असा कोश सिद्ध केला. तोच पुढे ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर पसरला. १९७८ मध्ये लाँगमनने आपल्या कोशातील सर्व व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिण्याचे बंधन घालून घेतले. दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या वाचकाला असा कोश बहुतांशी अडचणीशिवाय वाचता येतो.

याच कोशांत शब्दाच्या उच्चारात एक छोटी उभी रेघ दिसते. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्या पुढच्या अवयवावर आघात द्यायचा, अशी ती खूण आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्द परका होत नाही, म्हणून मराठी वक्त्याला तिचे महत्त्व जाणवत नाही. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’चा तिसऱ्यावर असतो, आणि आघात चुकला तर ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘इक’ किंवा ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांत बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर जोर येतो, एवढा नियम पाठ असला तरी वरच्या मजल्यावरचे पुष्कळ शब्द अडखळल्याशिवाय उच्चारता येतात. उरलेल्यांसाठी ती उभी रेघ पाहावी आणि वहीत शब्दाबरोबर उतरवून घ्यावी.